वर्षावन, विद्यार्थी आणि नोंदवही

(ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



शंभर वर्षे पुस्तके सांभाळणाऱ्या संस्थेच्या व्यासपीठावरून अरण्याचा विषय निघावा, आणि तोही भोपाळसारख्या शहरात वर्षावनाचा, हे काहींना विषयांतर वाटण्याचा संभव आहे. भोपाळला वर्षाकाठी अकराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत संपतो. येथील रान सागाचे, पळसाचे, टेंभुर्णीचे, म्हणजे पानगळीचे. फाल्गुन सरला की ते उघडे पडते. बारा महिने हिरवे राहणारे, सूर्यकिरण जमिनीपर्यंत पोहोचू न देणारे वर्षावन येथून फार दूर आहे. आंबोलीला वर्षाकाठी सात हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस होतो. तेथील गर्द रान पाहून आलेल्या माणसास श्यामला टेकडीवरून दिसणारी झाडी विरळच वाटेल. तेव्हा भोपाळच्या शाळकरी मुलांचा वर्षावनाशी संबंध काय, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शोधताना थोडे दक्षिणेकडे, सातपुड्याकडे वळावे लागते.

पूर्वीच्या होशंगाबाद आणि आताच्या नर्मदापुरम् जिल्ह्यातील पचमढी या सभागृहातील बहुतेकांनी पाहिलेली असेल. धबधबे, गुहा आणि धूपगडचा सूर्यास्त पाहून प्रवासी परततात. परंतु पचमढीच्या खोल, ओलसर दऱ्यांत वृक्षनेचे आहेत. नेचा म्हणजे सामान्यतः हातभर उंचीची वनस्पती. येथे तो खोड धरून झाडासारखा उभा राहतो. अशा नेच्यांचे खरे घर पूर्व हिमालयाच्या आणि सह्याद्रीच्या पावसाळी रानांत. सातपुड्याच्या रानात शेकरू आढळते. भीमाशंकरच्या यात्रेकरूंना ठाऊक असलेली आणि महाराष्ट्राने राज्यप्राणी म्हणून मानलेली ही मोठी खार सह्याद्रीच्या दाट रानाची मानकरी समजली जाते. पहाटे माणसासारखी शीळ घालणारा मलबारी कस्तूर पक्षीही पचमढीच्या ओढ्यांकाठी भेटतो. मध्य भारताच्या कोरड्या पठारावर ही मंडळी आली कोठून?

या प्रश्नाने शास्त्रज्ञांना फार पूर्वी भुरळ घातली. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांच्या ध्यानात आले की, वेगवान डोंगरी प्रवाहांत खडकाला चिकटून राहणाऱ्या काही माशांचे भाऊबंद पूर्व हिमालयात आणि मलायाकडे आहेत, सह्याद्रीत आहेत, मधल्या विस्तीर्ण प्रदेशात मात्र नाहीत. होरांनी तर्क बांधला की, कोणे एके काळी विंध्य-सातपुड्याची रांग अधिक उंच, अधिक ओली आणि अधिक घनदाट असावी आणि तिच्या आधाराने हे जीव पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकत गेले असावेत. ‘सातपुडा सिद्धांत’ या नावाने हा तर्क प्रसिद्ध आहे. १९४९ मध्ये त्यावर विद्वानांची चर्चा झाली, तेव्हा सालिम अलींनीही पक्ष्यांच्या बाजूने सातपुड्याच्या वाटेचा विचार मांडला. पुढे भूशास्त्राने आणि आनुवंशिक अभ्यासाने या सिद्धांतावर शंका घेतल्या आणि हा वाद पुरता मिटलेला नाही. मात्र सातपुड्याच्या दऱ्यांत सह्याद्रीची आठवण जिवंत आहे, यावर कोणाचे दुमत नाही. भोपाळच्या मराठी माणसालाही हे चित्र परके वाटू नये. सह्याद्रीचे बीज मध्य प्रदेशात रुजून कसे टिकते, हे त्याच्या घराण्याने अनुभवलेले आहे.

आता विद्यार्थ्यांकडे वळावे. अरण्य आणि विद्यार्थी यांचे नाते आपल्याकडे कोणत्या प्रसंगी जुळते? जून महिन्याच्या पाचव्या तारखेस प्रभातफेरी निघते. जुलैच्या पहिल्या आठवड्यात कन्हैयालाल मुनशींनी १९५० मध्ये सुरू केलेला वनमहोत्सव येतो. रोप लावले जाते, छायाचित्र निघते, घोषवाक्यांची आणि चित्रांची स्पर्धा होते. यात वाईट काही नाही. कोवळ्या वयात झाडाविषयी ममता उत्पन्न होणे इष्टच आहे. परंतु या सर्व कार्यक्रमांत विद्यार्थ्याने काही करावे अशी अपेक्षा असते. त्याने काही शोधावे अशी नसते. जे शोधायचे ते मोठ्यांनी शोधून ठेवले आहे, मुलांनी ते पाठ करावे आणि त्याचा पुकारा करावा, अशी ही मांडणी आहे. नेमका हाच समज तपासून पाहण्याजोगा आहे, कारण भारतातील अरण्यांविषयी जे ठाऊक आहे ते जे ठाऊक नाही त्याच्या मानाने फार थोडे आहे.

मुले अरण्यासाठी किती करू शकतात, याचे जगप्रसिद्ध उदाहरण मध्य अमेरिकेतील कोस्टा रिकाचे. १९८७ मध्ये स्वीडनच्या एका खेड्यातील लहानशा शाळेत पाहुण्या जीवशास्त्रज्ञ बाईंनी मॉन्टेव्हर्दे येथील वर्षावनाची चित्रे दाखवली आणि ते रान तोडले जात असल्याचे सांगितले. आठ-नऊ वर्षांच्या मुलांनी विचारले, ते विकत घेता येणार नाही का? मुलांनी पैसे जमवले, शिक्षिकेने त्याला संघटित रूप दिले, ही वार्ता देशोदेशी गेली आणि अनेक देशांतील बालकांच्या खाऊच्या पैशांतून जमीन विकत घेतली गेली. ‘मुलांचे चिरंतन वर्षावन’ या नावाचे ते रान २२ हजार हेक्टरांहून अधिक आहे. ही कथा ऐकून कोणाचे मन भरून येणार नाही? तरीही ती येथे जशीच्या तशी लागू पडत नाही. भारतातील अरण्य विकत घेण्याची वस्तू नाही. ते शासनाचे आहे, आणि त्यात व त्याच्या कडेने माणसे पिढ्यान् पिढ्या राहत आली आहेत. येथील विद्यार्थ्याने खाऊचे पैसे देण्यापेक्षा डोळे, कान आणि वेळ देणे अधिक उपयोगाचे.

ते कसे द्यावे, याचा विचार एका मराठी शास्त्रज्ञाने फार तपशिलाने केला. डॉ. माधव गाडगीळ यांनी १९९० च्या दशकात पश्चिम घाटातील महाविद्यालयांच्या अध्यापकांचे आणि विद्यार्थ्यांचे एक जाळे विणले. पश्चिम घाट म्हणजे तापीच्या दक्षिणेपासून कन्याकुमारीपर्यंत सुमारे १६०० किलोमीटरांची रांग. मोजक्या शास्त्रज्ञांना एवढा प्रदेश आयुष्यभरातही पायाखाली घालता यायचा नाही. पण या रांगेच्या दोन्ही अंगांना गावोगाव महाविद्यालये आहेत, त्यांत वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र शिकवले जाते, आणि तेथील विद्यार्थी वाळवलेल्या नमुन्यांवर नजर लावून परीक्षा देतात. त्याच विद्यार्थ्यांनी अध्यापकांबरोबर आपल्या परिसरातील ठरावीक भूभाग निवडावा, ठरलेल्या वाटेने चालावे, दिसेल ते झाड, पक्षी, फुलपाखरू एकाच पद्धतीने नोंदवावे आणि सर्वांच्या नोंदी एकत्र करून पाहाव्यात, अशी ही योजना. १९९६ मध्ये गाडगीळांनी ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात लेख लिहून प्रतिपादन केले की, भारताच्या जीवसृष्टीवर लक्ष ठेवण्यासाठी विद्यार्थिशक्ती कामी लावली पाहिजे. हा निव्वळ उपदेश नव्हता. घाटातील वृक्ष, पक्षी आणि फुलपाखरे यांच्या विविधतेविषयी शास्त्रीय निबंध त्या काळात याच नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यांपैकी १९९९ च्या एका निबंधाच्या लेखकांत कृष्णमेघ कुंटे हा तरुण मराठी अभ्यासक होता.

या कामात एक अडचण पहिल्याच पावलाला आली, आणि ग्रंथालयाच्या सभासदांनी ती मुद्दाम ध्यानात घ्यावी. विद्यार्थी रानात गेला. त्याने फुलपाखरू पाहिले. पण ते कोणते हे ओळखायचे कशावरून? जुने ग्रंथ साहेबी अमदानीतले, जाडजूड, दुर्मीळ आणि तज्ज्ञांसाठी लिहिलेले. विद्यार्थ्याच्या झोळीत मावेल आणि खिशाला परवडेल असे पुस्तक जवळजवळ नव्हते. यावर उपाय म्हणून भारतीय विज्ञान अकादमीने ‘लाइफस्केप’ प्रकल्प हाती घेतला. सूक्ष्मजीवांपासून वृक्षांपर्यंत १५०० भारतीय जीवजाती सचित्र वर्णन करून ओळखता येण्याजोग्या कराव्यात, हा त्याचा संकल्प. आणि त्याच्या वाचकांत माध्यमिक शाळांतील शिक्षक-विद्यार्थ्यांचा स्पष्ट उल्लेख होता. २००० साली कुंटे यांचे द्वीपकल्पीय भारतातील फुलपाखरांवरील इंग्रजी पुस्तक या मालेत निघाले. पुढे चतुर, बेडूक आणि गोड्या पाण्यातील मासे यांच्यावरचीही पुस्तके आली. अर्थ असा की, संशोधनाची साखळी रानात सुरू झाली तरी तिचा एक दुवा ग्रंथालयाच्या कपाटातून जातो. पुस्तक नसेल तर विद्यार्थ्याला दिसलेले फुलपाखरू ‘पिवळेसे काहीतरी’ एवढेच राहते.

येथे कोणी म्हणेल की, ही महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची गोष्ट झाली. नववी-दहावीच्या मुलांना हे पेलेल काय? याचे उत्तर मध्य प्रदेशानेच देऊन ठेवले आहे. १९७२ मध्ये होशंगाबाद जिल्ह्यातील १६ माध्यमिक शाळांत विज्ञान शिकवण्याचा एक प्रयोग सुरू झाला. रसुलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर आणि किशोर भारती या संस्थांनी तो आरंभला, १९७८ मध्ये तो जिल्हाभर पसरला, आणि १९८२ मध्ये स्थापन झालेल्या भोपाळच्या एकलव्य संस्थेने तो पुढे चालवला. सहावी ते आठवीची, बहुतांशी खेड्यांतील मुले त्यात पुस्तकी व्याख्या घोकत नसत. ती पाने गोळा करून त्यांचे स्वतःच गट पाडत, शिवारात परिभ्रमणास जात, प्रयोग करीत, आलेले आकडे फळ्यावर मांडून त्यांवर वाद घालत. परीक्षेस पुस्तक उघडून बसण्याची मुभा असे, कारण पाठांतर तपासायचेच नव्हते. ‘सवालीराम’ नावाच्या एका कल्पित गृहस्थाला मुले पत्रे लिहून मनातल्या शंका विचारीत आणि त्यांना उत्तरे जात. तीस वर्षांनंतर, २००२ मध्ये, राज्य शासनाने हा कार्यक्रम बंद केला. त्याच्या गुणदोषांविषयी मतभेद झाले आणि होतील. परंतु बारा-तेरा वर्षांचे खेड्यातले मूल काळजीपूर्वक पाहू शकते, मोजू शकते, लिहू शकते आणि आपल्याच निष्कर्षावर शंका घेऊ शकते, एवढे तरी त्या तीस वर्षांनी सिद्ध केले. वृक्षनेच्यांची पचमढी त्याच जिल्ह्यात आहे, हा योगायोग विसरू नये.

होशंगाबादचा कार्यक्रम थांबला तरी ती वाट पुरती बुजली नाही. १९९३ पासून भरणारी राष्ट्रीय बालविज्ञान परिषद दहा ते सतरा वर्षांच्या मुलांकडून लहान गटांत, आपल्याच परिसरातील प्रश्नावर केलेला अभ्यास मागते. पेंचच्या रानात भरणाऱ्या मोगली बाल उत्सवात राज्यातील शाळांची मुले निसर्गवाटेवरून फिरतात. किपलिंगने स्वतः न पाहिलेल्या सिवनीच्या रानात आपला मोगली वाढवला. आजची मुले ते रान प्रत्यक्ष पाहतात, ही प्रगतीच म्हणायची. आणि २०१० च्या सुमारास बंगळुरूहून सुरू झालेला ‘सीझनवॉच’ हा उपक्रम तर प्रस्तुत विषयाच्या अगदी जवळचा आहे. त्याची रीत इतकी सोपी की, ती ऐकून शास्त्रज्ञ आपली फिरकी घेत आहेत की काय असे वाटावे. विद्यार्थ्याने एक झाड निवडायचे. दर आठवड्यास त्याच झाडापाशी जायचे. कोवळी पाने, जून पाने, कळ्या, फुले, कच्ची फळे, पिकली फळे यांपैकी काय आहे ते पाहायचे आणि ‘नाही’, ‘थोडे’, ‘पुष्कळ’ यांपैकी एक शब्द लिहायचा. बस्स. केरळातील शेकडो शाळांनी हे काम उचलले आणि देशभरातून आलेल्या नोंदींत त्या राज्याचा वाटा सर्वांत मोठा ठरला.

एवढ्याने काय साधते? वर्षावनात, आणि पानगळीच्या रानातही, ऋतुमानाचे घड्याळ झाडांच्या अंगात असते. बहावा कधी फुलतो यावर भुंगे अवलंबून, उंबर कधी पिकतो यावर पक्षी, वटवाघळे आणि माकडे अवलंबून. हवामान बदलत असताना हे घड्याळ पुढे जाते की मागे, हे उपग्रहावरून पुरते दिसत नाही. त्यासाठी कोणीतरी झाडाखाली उभे राहावे लागते, वर्षानुवर्षे, एकाच झाडाखाली. पगारी संशोधकाला हे जमत नाही. त्याचे अनुदान दोन-तीन वर्षांत संपते. शाळा मात्र तेथेच राहते. नववीचा वर्ग पुढे जातो, आठवीचा त्याच्या जागी येतो, आणि झाड तेच राहते. दीर्घकालीन निरीक्षणासाठी शाळेइतकी योग्य संस्था दुसरी नाही.

आता आक्षेपांकडे पाहिले पाहिजे. पहिला आक्षेप विश्वासार्हतेचा: मुले चुकतात. खरे आहे, मोठेही चुकतात. कोणी दहाऐवजी बारा मोजले, कोणी आठ, तर पुष्कळ नोंदी एकत्र केल्यावर अशा चुका एकमेकींना बऱ्याच अंशी खोडून काढतात. परंतु दुसऱ्या जातीची चूक अशी खोडली जात नाही. मुलांना मोर दिसतो, चिमणीएवढा मातकट पक्षी दिसूनही दिसत नाही. फुललेला पळस लिहिला जातो, न फुललेला राहून जातो. सर्वांची चूक एकाच दिशेने झाली की हजार नोंदी असूनही चित्र खोटे येते. म्हणून अशा कामात पहिला धडा हा की, ‘आज काही नव्हते’ हीसुद्धा नोंद आहे आणि ती लिहिलीच पाहिजे. दुसरा धडा: ठाऊक नसेल तेथे नाव लिहू नये, वर्णन लिहावे. तिसरा: दोघांनी स्वतंत्रपणे पाहावे आणि मग ताडून बघावे. कोवळ्या वयात हे तीन धडे ज्याने गिरवले, तो पुढे वनाधिकारी होवो, वकील होवो की दुकानदार, त्याच्या साक्षीला वजन राहील.

खोट्या नोंदीने काय अनर्थ होतो, याचे उदाहरण सातपुड्यातलेच आहे. वनपिंगळा हे लहानसे घुबड १८७३ मध्ये शास्त्राला ज्ञात झाले. खानदेशात नोकरीवर असलेल्या जेम्स डेव्हिडसन या पक्षिप्रेमी अधिकाऱ्याने १८८० च्या दशकात त्याचे नमुने गोळा केले. १८८४ नंतर तो पक्षी दिसेनासा झाला. पुढे रिचर्ड माइनर्ट्झहागेन या नामांकित संग्राहकाने, १९१४ मध्ये गुजरातेत आपण तो मिळवला, अशी चिठ्ठी लावलेला नमुना मिरवला. त्या चिठ्ठीवर विसंबून शोध घेणारे भलत्याच ठिकाणी भटकत राहिले. वस्तुतः तो नमुना डेव्हिडसनचा, संग्रहालयातून चोरलेला होता आणि चिठ्ठी बनावट होती. पामेला रासमुसेन या विदुषीने ही लबाडी ओळखली, खोटी स्थळे वगळून जुन्या खऱ्या नोंदींच्या मागे जायचे ठरवले, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ त्यांना व त्यांच्या सहकाऱ्यांना वनपिंगळा जिवंत दिसला: ११३ वर्षांनी! नंतर तो मेळघाटात आणि मध्य प्रदेशच्या खंडवा-बऱ्हाणपूर भागातही आढळला. येथे एका कीर्तिमंत माणसाच्या खोट्या चिठ्ठीपेक्षा एका अधिकाऱ्याची जुनी, साधी, प्रामाणिक नोंद श्रेष्ठ ठरली. नववीतल्या मुलीने ‘अमुक तारखेस, अमुक ओढ्याकाठी, सकाळी सात वाजता’ असे खरे लिहिले, तर तिचे आसन त्या नामांकितापेक्षा उंच आहे, हे तिला सांगितले पाहिजे.

दुसरा आक्षेप परीक्षेचा. पालक म्हणतात, दहावीच्या वर्षी झाडाखाली उभे राहून गुण मिळत नाहीत. या आक्षेपाला कायद्याचे उत्तर आहे: १९७६ पासून निसर्गाचे रक्षण हे राज्यघटनेने नागरिकांचे मूलभूत कर्तव्य मानले आहे, आणि १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरणाचे शिक्षण सक्तीचे करण्याची दिशा दाखवली. पण कायद्याने सक्ती झाली की विषयाचे पुस्तक निघते, पुस्तकाचे मार्गदर्शक निघते, आणि मार्गदर्शकातील पाच प्रश्न पाठ केले की पर्यावरण संपते. म्हणून कायद्यापेक्षा या शहराच्या इतिहासातून दिलेले उत्तर अधिक खरे ठरेल.

नोव्हेंबर १९८४ मध्ये केरळातील सायलेंट व्हॅली राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाली. ते वर्षावन धरणाखाली जायचे होते. केरळ शास्त्र साहित्य परिषदेने, जिच्यात शाळा-महाविद्यालयांचे शिक्षक मोठ्या संख्येने होते, त्या रानात काय आहे आणि धरणाने काय जाईल याचा हिशेब मांडला, तो मल्याळी भाषेत गावोगाव नेला, आणि रान वाचले. त्याच वर्षी, त्यानंतर तीन आठवडे होण्याच्या आतच, २ आणि ३ डिसेंबरच्या मधल्या रात्री भोपाळात जे घडले ते या सभागृहात सांगण्याची गरज नाही. कारखान्यात काय साठवले आहे, तो वायू सुटला तर काय करावे, कोणत्या दिशेस पळावे, ओले फडके तोंडावर धरावे की नाही, हे भिंतीपलीकडे राहणाऱ्यांस कोणी सांगितलेले नव्हते. एकीकडे परिसराचे ज्ञान लोकांच्या हाती होते, दुसरीकडे ते कुलूपबंद होते. दोन्ही घटनांची कारणे निराळी आहेत आणि त्यांची सरसकट तुलना करणे योग्य नव्हे. तरीही, आपल्या भोवती काय आहे हे नेमके ठाऊक असणे हा छंद नसून जीविताचा प्रश्न असतो, हे भोपाळइतके दुसऱ्या कोणत्या शहराला कळावे?

तिसरा मुद्दा भाषेचा आहे आणि तो खास मराठी ग्रंथालयाचा आहे. भोपाळच्या मराठी घरातले मूल तीन भाषांच्या मध्ये उभे असते. आजी बहावा म्हणते, रस्त्यावर तो अमलतास होतो, पाठ्यपुस्तकात तिसरेच नाव येते. ऐन म्हणजे साजा, टेंभुर्णी म्हणजे तेंदू, चार म्हणजे अचार, सावर म्हणजे सेमल. बहुतेक मुलांना यांपैकी एकही नाव येत नाही; ती ‘झाड’ एवढेच म्हणतात. नाव गेले की ओळख जाते, आणि ओळख गेली की वस्तू नाहीशी झाल्याचेही कळत नाही. मारुती चितमपल्लींनी वनखात्यात नोकरी करताना आदिवासींकडून आणि रानातल्या माणसांकडून पक्ष्यांची नावे टिपली, पुढे मराठीला पक्षिकोश दिला. साहित्य संस्थेने त्या कामाची थोरवी जाणली, म्हणूनच २००६ मध्ये सोलापूरच्या संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. दुर्गाबाई भागवतांच्या ‘ऋतुचक्रा’ने मराठी वाचकाला बारा महिन्यांचे निसर्गदर्शन १९५६ सालीच घडवले होते. मराठीत पाहण्याची आणि लिहिण्याची ही परंपरा आहे. भोपाळातील मुलांनी निरीक्षणे लिहावीत ती मराठी, हिंदी आणि शास्त्रीय अशा तिन्ही नावांनी. आजीला विचारून, रानातल्या गोंड, कोरकू माणसाला विचारून, पुस्तकात पाहून. अशी एक वही तीन भाषांना जोडील.

२००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेने लोकांच्या सहभागाने जैवविविधतेची नोंदवही करावी असे ठरवले. या कल्पनेमागेही गाडगीळांचे पूर्वीचे काम आहे. देशभर अशा असंख्य वह्या तयार झाल्या आहेत. त्यांपैकी कित्येक मुदत गाठण्यासाठी घाईने भरलेल्या आहेत, अशी तक्रार जाणकार करतात. एकदा भरून बंद केलेल्या वहीचा उपयोग थोडा. शाळांनी दर वर्षी भर घातली, तरच ती वही जिवंत राहील.

यासाठी लगेच पचमढीस जाण्याची गरज नाही. आरंभ घराजवळ व्हावा. २००२ मध्ये ज्याला रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यता मिळाली, तो भोज तलाव शहराच्या कुशीत आहे. त्याच्या काठी वनविहार आहे. मुलांनी दोन-तीन वर्षे येथे डोळे आणि हात तयार करावेत. मग वर्षातून दोनदा, परवानगीने, शिक्षकांसह, काहीही न तोडता आणि न पकडता, सातपुड्याच्या एकाच दरीत जावे: एकदा ज्येष्ठात, एकदा मार्गशीर्षात. तेथे वृक्षनेचे किती, त्यांची उंची किती, ओढ्याला पाणी आहे की नाही, शेकरूची घरटी किती झाडांवर, एवढेच लिहावे. पचमढीतले वृक्षनेचे ओलाव्यावर जगतात. ओढा आटू लागला तर सर्वांत आधी त्यांना कळेल, आणि मुलांची वही असेल तर ते माणसांनाही कळेल.

प्रश्न उरतो तो वही ठेवायची कोठे. शाळेतील प्रकल्पाच्या वह्यांचे भवितव्य सर्वांस ठाऊक आहे. गुण देऊन झाले की वही परत जाते आणि उन्हाळ्याच्या सुटीत ती रद्दीवाल्याच्या तराजूत पडते. त्यात एखाद्या मुलाने तीन वर्षे नेमाने एका सावरीचे फुलणे लिहिलेले असले, तरी तराजूला ते कळत नाही. शास्त्रज्ञ जुन्या नोंदींसाठी जगभर धुंडाळतात, आणि येथे त्या दर वर्षी किलोच्या भावाने विकल्या जातात.

जपून ठेवणे हे काम ग्रंथालयाइतके दुसऱ्या कोणास जमते? शंभर वर्षांपूर्वी परक्या मुलखात आलेल्या माणसांनी आपली भाषा टिकावी म्हणून पुस्तके गोळा केली, त्यांना वेष्टने घातली, प्रत्येक पुस्तकाला दाखल क्रमांक दिला आणि ते रजिस्टरात चढवले. त्यामुळेच ती पुस्तके आज सापडतात. दुसऱ्या शतकाच्या आरंभी या ग्रंथालयाने एवढेच करावे की, दर वर्षी शहरातील शाळांकडून निरीक्षणाच्या वह्या मागवाव्यात, जाणकारांकडून त्या तपासून घ्याव्यात, आणि ज्या वह्या प्रामाणिक असतील त्यांना इतर ग्रंथांप्रमाणेच दाखल क्रमांक देऊन कपाटात जागा द्यावी. यासाठी मोठा निधी लागणार नाही; एक कपाट, एक रजिस्टर आणि दर महिन्यास दोन तास देणारे दोन-चार सभासद पुरेत. आश्रयदात्यांनी फुलपाखरांचे, पक्ष्यांचे, वृक्षांचे एकेक ओळखपुस्तक दिले, तर त्या कपाटाचा वरचा खण भरेल.

ज्या मुलाच्या वहीवर ग्रंथालयाचा शिक्का आणि क्रमांक पडेल, त्याला पर्यावरणाचे महत्त्व पटवून देण्यासाठी वेगळ्या भाषणाची गरज उरणार नाही. आणि पन्नास वर्षांनी कोणी अभ्यासक या शहरात येऊन विचारील की, अमुक साली सावर केव्हा फुलली होती, तेव्हा ग्रंथपालास उठून कपाट उघडता येईल.